दोन खुणा सांगा

आमच्या वहिनींना काहीही विसरता येत नाही. हे कौतुक नाही, तक्रार आहे. दादाच्या लग्नात मी कोणत्या रंगाचा शर्ट घातला होता, त्याचं कितवं बटण तुटलं होतं आणि ते कोणी टाचणीने धरून ठेवलं होतं, हे त्या आजही सांगतात. सात वर्षांपूर्वी नेलेला पाना मी अजून परत केलेला नाही, हेही सांगतात, आणि तेही पाहुण्यांसमोर.

नोकरीसुद्धा त्यांना अशी मिळाली की हा दुर्गुण तिथे गुण ठरावा. शहराच्या बससेवेच्या मुख्य डेपोत, तळघरात, हरवलेल्या वस्तूंचा विभाग आहे. लोक बसमध्ये जे जे विसरतात ते सगळं तिथे येतं, आणि गेली अठरा वर्षं त्या सगळ्यावर वहिनींचं राज्य आहे. छत्र्या, डबे, चष्मे, एकेकटे बूट. समोर एक खिडकी. म्हणायला खिडकी, पण ती उघडते जिन्याखालच्या अंधाऱ्या कॉरिडॉरमध्ये. अठरा वर्षांत वहिनींनी ड्युटीवर असताना आभाळ पाहिलेलं नाही.

खिडकीवर एक कागद चिकटवलेला आहे. मजकूर आणि अक्षर दोन्ही वहिनींचं. वस्तू न्यायला आलेल्याने तिच्या दोन खुणा सांगायच्या. खुणा पटल्या तरच वस्तू बाहेर येईल, तोवर ती दाखवलीसुद्धा जाणार नाही. मालक स्वतः आला नसेल तर नाव ही खूण धरली जाणार नाही. एकदा एक गृहस्थ कवळी न्यायला आले. 'द्या इकडे, बसते का बघतो,' असं काहीसं म्हणाले असावेत, कारण दात नसल्याने नीट कळत नव्हतं. वहिनींनी त्यांनाही आधी दोन खुणा विचारल्या, आणि त्या बिचाऱ्यांनी कागदावर लिहून दिल्या.

आता माझ्याबद्दल. मी शाळेत गणित शिकवतो. माझ्या स्वभावाबद्दल विद्यार्थी जे बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. घरात माझी ख्याती दोन गोष्टींसाठी आहे, एक गणित आणि दुसरं माझं अपेंडिक्स. मी एकोणीस वर्षांचा असताना, सतरा फेब्रुवारीला, सकाळी साडेनऊला मला ऑपरेशनसाठी आत नेलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर हे लिहायला मी उरलो नसतो. दादा तेव्हा कामासाठी परगावी होता, आणि आईला दवाखान्याच्या नुसत्या वासाने घेरी यायची. बरोबर होत्या त्या वहिनी, वर्षापूर्वीच घरात आलेल्या. मी किती धीराने आत गेलो ही गोष्ट, कोणीही पोटावर हात ठेवला की मी तारीखवार सांगतो. एरवी कोणीही चुकलं की लगेच सुधारणाऱ्या वहिनी या गोष्टीत कधी मध्ये बोलत नाहीत, उठून स्वयंपाकघरात काहीतरी बघायला जातात. मला वाटायचं, मी बिनचूक सांगतो म्हणून.

तर झालं असं, की बससेवा दरवर्षी आपल्या एका कर्मचाऱ्याला व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला पाठवते. दोन वर्षं पगारी रजा, आणि परत आल्यावर वरच्या मजल्यावर अधिकाऱ्याची खुर्ची. अटी दोन. प्रवेश परीक्षेत ठरलेले गुण हवेत, आणि वय पंचेचाळीसच्या आत हवं. वहिनी गेल्या वर्षी बसल्या आणि थोडक्यात राहिल्या. आता त्यांना चव्वेचाळीस पुरी झाली होती. यंदा गेलं की कायमचं गेलं.

"या वयात कशाला तो ताप?" दादा म्हणाला. दादा रंगाच्या कारखान्यात फोरमन आहे आणि ताप वाढवण्याच्या विरुद्ध आहे.

"मला खरीखुरी खिडकी हवी आहे," वहिनी म्हणाल्या. "उघडली की हवा येते ती."

मग त्या माझ्याकडे आल्या. गेल्या वर्षीचा गुणांचा कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला. सगळीकडे ठीक होतं. फक्त 'पुरेशी माहिती' या विभागात पंधरापैकी तीन.

"त्याआधी कधी बसला होतात?" मी डॉक्टरसारखं विचारलं.

"लग्नानंतर एकदा फॉर्म भरला होता. जमलं नाही."

गणितात गचकल्या असणार, असं मी मनात म्हटलं आणि शिकवायचं कबूल केलं. रोज सकाळी सहा ते साडेसात, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक प्रश्न असतो आणि खाली दोन विधानं. उत्तर काढायचंच नाही. उत्तर काढायला ही माहिती पुरेल का, एवढंच सांगायचं. पहिलं विधान एकटं पुरतं, दुसरं एकटं पुरतं, दोन्ही मिळून पुरतात, दोन्हींपैकी कुठलंही एकटं पुरतं, की दोन्ही मिळूनही पुरत नाहीत, अशा पाचांपैकी एकावर खूण करायची. मला वाटलं होतं, जन्मभर दोन खुणांवर काम केलेल्या बाईला हे डाव्या हातचं काम असणार. तिथेच माझं चुकलं.

पहिल्या दिवशी मी सोपा प्रश्न दिला. एका खोक्यात पेन्सिली किती? विधान एक, पेन्सिली दहापेक्षा जास्त आणि तेरापेक्षा कमी आहेत. विधान दोन, पेन्सिलींची संख्या सम आहे.

वहिनींनी डोळे बारीक केले. "दहापेक्षा जास्त आहेत असं कोण म्हणतं?"

"विधान म्हणतं."

"कशावरून?"

"वहिनी, विधान खरंच असतं. ते धरूनच चालायचं."

"खिडकीवर येणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो," वहिनी म्हणाल्या.

विधान खोटं बोलत नाही, हे त्यांच्या गळी उतरवायला मला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी त्यांनी विधानाला संशयाचा फायदा दिला, पण तोंड वाकडं करून. काही गोष्टी मात्र त्यांना चटकन कळल्या. अ हा ब पेक्षा मोठा आहे का, असं विचारलंय आणि विधान सांगतंय की ब हाच तीन वर्षांनी मोठा, तर माहिती पुरेशी, कारण ठाम 'नाही' हेही उत्तरच असतं. हे शिकवताना माझ्या वर्गातली निम्मी मुलं रडकुंडीला येतात. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे छत्री यांची नाही हे कळलं, की माझं काम झालं. पुढचा माणूस." उत्तर काढायचं नाही, हेही त्यांना फार आवडलं. "बरोबर आहे. उगाच लोकांच्या बॅगा कशाला उघडायच्या?"

घोडं पेंड खात होतं ते भलतीकडेच. पेन्सिलींच्या प्रश्नात पहिलं विधान एकटं पुरत नाही, हे त्यांनी बरोबर सांगितलं. पेन्सिली अकरा किंवा बारा. मग दुसरं विधान वाचून म्हणाल्या, "हे एकटं पुरतं. सम म्हणजे बारा."

"दोन का नाहीत? चाळीस का नाहीत? नुसतं सम म्हटलंय."

"अहो, आत्ताच तर वाचलं ना, अकरा किंवा बारा म्हणून!"

"ते पहिल्या विधानात होतं. दुसरं तपासताना पहिलं विसरायचं."

"विसरायचं?" मी त्यांना चोरी करायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी, दुसरी खूण ऐकताना पहिली विसरले, तर त्या डेपोतून एक छत्री खऱ्या मालकाकडे जायची नाही. लोक पकडले जातात ते तिथेच. पहिली खूण एक आणि दुसरी तिच्याशी न जुळणारी."

अठरा वर्षं ज्या गोष्टीचा पगार घेतला, तीच गोष्ट दीड मिनिटासाठी सोडून द्यायला मी सांगत होतो. रोज सकाळी तोच घोळ. मी चिडायचो, टेबलावर हात आपटायचो, एकदा पुस्तक आपटलं. दादा दाढी अर्धी टाकून बघायला आला. "मास्तर, तिला विसरायला शिकवतोयस? मी बावीस वर्षं प्रयत्न करतोय," एवढं बोलून परत गेला.

तोड शेवटी वहिनींनीच काढली. एके दिवशी त्यांनी आपल्या फायलीतून पंजाएवढा जाड कार्डाचा तुकडा काढला. कोरा, जुना होऊन पिवळा पडलेला. पहिलं विधान वाचलं, निकाल लावला, आणि त्यावर कार्ड पालथं ठेवलं. "दिसलं नाही की जमेल," त्या म्हणाल्या. दुसरं विधान एकटंच उघडं राहिलं. त्यांनी ते तीनदा वाचलं, ओठ घट्ट मिटले, आणि मोठ्या कष्टाने म्हणाल्या, "पुरत नाही." मग कार्ड उचललं, दोन्ही एकत्र पाहिली. "मिळून पुरतात." मी आनंदाने कप खाली ठेवला तो नेमका त्या कार्डावर. चहाचा गोल डाग पडला. वहिनींनी कार्ड झटकन ओढून घेतलं आणि पदराने टिपलं. एका पुठ्ठ्यासाठी एवढं कशाला, असं मला वाटलं.

तिथून गाडी रुळावर आली, आणि माझी घसरली. परीक्षेला तीन आठवडे राहिले असताना मी म्हटलं, आपण दोघंही घड्याळ लावून वीस प्रश्न सोडवू, म्हणजे तुम्हाला वेग कळेल. दादा घड्याळ घेऊन बसला. पहिल्याच प्रश्नात बाप आणि मुलाची वयं होती. दोन वेगळी समीकरणं, दोन अज्ञातं. वहिनींनी पाहिलं, कार्ड ठेवलं, उचललं, 'मिळून पुरतात' वर खूण केली आणि पुढे गेल्या. मीही तेच करणार होतो. पण समीकरण समोर उघडं पडलेलं असताना ते न सोडवता पुढे जाणं माझ्या रक्तात नाही. बाप सत्तेचाळीस वर्षांचा निघाला, मुलगा तेरा. छान वाटलं. मग एक पाण्याची टाकी भरली, एका वर्तुळाचं क्षेत्रफळ काढलं, आणि दादा म्हणाला, "वेळ संपली."

वहिनी वीसपैकी सोळा. मी अकरा, सात प्रश्नांना हात न लावता.

"घड्याळ पुढे आहे," मी म्हणालो.

"हो, मास्तर," दादा म्हणाला. त्या दिवशी शाळेत नववीच्या वर्गाला मी विनाकारण गृहपाठ दिला.

परीक्षेचा दिवस उजाडला. दहाला दार बंद होणार होतं, म्हणून आम्ही आठलाच बस धरली. वहिनींचं डोकं मोकळं राहावं म्हणून फाइल मी घेतली होती. फोनही त्यांनी घरीच ठेवला होता, कारण केंद्रावर चालत नाही. वाटेत मी त्यांना मूळ संख्यांची शेवटची उजळणी दिली. 'दोन ही एकमेव सम मूळ संख्या' हे मी उतरता उतरता सांगत होतो आणि फूटपाथवर पोहोचल्यावरही सांगत होतो. बस गेली. वहिनींनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"फाइल?"

फाइल सीटवर होती, आणि हॉलतिकीट फायलीत. मी बसमागे चार पावलं धावलो आणि थांबलो. वहिनी मात्र ओरडल्या नाहीत. त्यांनी केंद्राच्या भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि खिडकीवर बोलतात तशा आवाजात म्हणाल्या, "ही गाडी नऊला डेपोत पोहोचते. सापडलेली वस्तू ड्रायव्हर दहा मिनिटांत तळघरात जमा करतो. ओळखपत्र माझ्या पर्समध्ये आहे, मी इथे रांगेत उभी राहते. तुम्ही टॅक्सी करा. आणि भाऊजी, खिडकीवर माझं नाव सांगून भागणार नाही. दोन खुणा लागतील."

कोणत्या, ते विचारायच्या आत मी टॅक्सीत होतो.

अठरा वर्षांत त्या तळघरात मी पहिल्यांदाच उतरलो. कॉरिडॉरमध्ये ओल्या छत्र्यांचा वास होता. खिडकीत निवृत्तीला आलेले एक जाडे बदली कारकून बसले होते, आणि त्यांच्या डोक्यावर वहिनींचा कागद.

"एक फाइल आली असेल. माझ्या वहिनींची. म्हणजे तुमच्याच बाईंची. त्या परीक्षेला बसल्यात," मी धापा टाकत म्हणालो.

"त्या आज परीक्षेला बसल्यात हे साऱ्या डेपोला माहीत आहे. कोणीही येऊन वहिनी म्हणेल. खुणा सांगा."

"हॉलतिकीट आहे आत."

"आज परीक्षाच आहे. सकाळपासून हॉलतिकिटाच्या दोन फायली आल्यात. बरं, एक धरू. दुसरी?"

"फाइल निळी आहे." त्यांच्या भुवया वर गेल्या. "किंवा हिरवी," मी म्हणालो.

ती फाइल मी अर्धा तास मांडीवर घेऊन बसलो होतो. पाच महिने ती माझ्यासमोर टेबलावर होती. तिचा रंग मला सांगता येईना. आत आणखी काय आहे? माहीत नाही. बटण आहे की दोरी? माहीत नाही. साडेनऊ वाजायला आले होते.

"अहो, तिकडे दार बंद होईल! त्यांची शेवटची संधी आहे!" मी ओरडलो.

"म्हणूनच," कारकून शांतपणे म्हणाले. "त्यांची फाइल भलत्याच्या हातात गेली, तर उद्या मला या खिडकीत उभं करून त्या दोन खुणा विचारतील."

तेव्हा मला टेबल आठवलं, आणि चहा. "एक कार्ड आहे," मी म्हणालो. "जाड, कोरं, पिवळं पडलेलं, पंजाएवढं. त्यावर कपाचा गोल डाग आहे. तो मीच पाडलाय."

कारकून आत गेले. फाइल करड्या रंगाची होती. त्यांनी कार्ड काढलं, डाग उजेडात धरून पाहिला, मान डोलावली. मग सवयीने कार्ड उलटून पाहिलं आणि म्हणाले, "हे पण हॉलतिकीटच की. जुनं आहे पण."

मी पाहिलं. याच परीक्षेचं. वर तेवीस वर्षांच्या वहिनींचा फोटो, दोन वेण्या, नजर आजच्यासारखीच संशयी. खाली छापलेलं होतं, सतरा फेब्रुवारी, सकाळी दहा. साल तेच, माझ्या ऑपरेशनचं. हजेरीच्या शिक्क्याचा चौकोन रिकामा होता.

टॅक्सीत मी काय विचार केला ते मला सांगता येणार नाही. मी केंद्रावर पोहोचलो तेव्हा शिपाई दाराच्या कडीला हात घालून उभा होता आणि वहिनी त्याच्याशी वाद घालत होत्या की त्याचं घड्याळ तीन मिनिटं पुढे आहे, आणि ते खरंच होतं. मी नवं हॉलतिकीट त्यांच्या हातात दिलं. त्या आत गेल्या. दार बंद झालं.

अडीच तास मी समोरच्या पायरीवर बसून होतो, फाइल मांडीवर घेऊन. विधान एक, लग्नानंतर एकदा फॉर्म भरला होता, जमलं नाही. हे मला पाच महिने माहीत होतं. विधान दोन, सतरा फेब्रुवारीला सकाळी साडेनऊला मला आत नेलं आणि बरोबर वहिनी होत्या. हे मला एकवीस वर्षं माहीत होतं, आणि मी ते अर्ध्या शहराला ऐकवलं होतं. दोन्ही एकत्र ठेवून पाहायला मला परक्या कारकुनाची गरज लागली. मी शाळेत गणित शिकवतो. त्या पायरीवर मला स्वतःची जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कधी वाटलेली नाही.

वहिनी बाहेर आल्या त्या चिडूनच. परीक्षा संगणकावर होती. पडद्यावरचं पहिलं विधान त्या तळहाताने झाकत होत्या, आणि पर्यवेक्षक बाईंनी तीनदा येऊन त्यांचा तळहात तपासला, काही लिहिलंय का म्हणून. "मी म्हटलं, बघा बाई, सावकाश बघा. तुमचं काम आहे ते." बसमध्ये मी फाइल दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसलो होतो. माझी तब्येत बरी आहे ना, असं त्यांनी दोनदा विचारलं.

निकाल महिन्याने लागला. 'पुरेशी माहिती' या विभागात पंधरापैकी तेरा, आणि जागा वहिनींना मिळाली. दादाने कारखान्यातून फोन करून मला सांगितलं आणि पुन्हा एकदा तेच सांगून ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी त्यांच्याकडे गेलो. शिकवायला आता काही उरलं नव्हतं, तरी गेलो. वहिनींनी काही न विचारता चहा पुढे केला. करडी फाइल टेबलावरच होती. मी कार्ड काढून त्यांच्यासमोर ठेवलं, फोटोची बाजू वर.

"वहिनी, त्या दिवशी दहा वाजता तुम्ही..." मी शिक्क्याच्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं. "एकदाही का नाही बोललात? पाना पाहुण्यांसमोर काढता, आणि हे?"

वहिनींनी फोटोवरून बोट फिरवलं. मग कार्ड उलटं केलं, डागाची बाजू वर आली.

"उत्तर काढत बसू नका, भाऊजी," त्या म्हणाल्या. "माहिती पुरेशी आहे की नाही, तेवढंच सांगा."

"पुरेशी आहे," मी म्हणालो.

"मग झालं तर. चहा घ्या. आणि कप त्या कार्डावर ठेवू नका."